मशीन म्हणतं ६६, मी मोजते ५८

पत्र :

आदरणीय काकू, सा. न.

मी सुदामा नगरात राहते, बीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोस्टिंग चालू आहे. कॉलेजात आम्हाला स्लाइडवर डीएलसी (कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती टक्के, ही मोजणी) शिकवली, पण इथे सगळं ॲनालायझरवर, म्हणजे पेशी मोजणाऱ्या मशीनवर होतं. मी हौसेनं स्लाइड बघते, तर माझे आकडे मशीनशी जुळत नाहीत. परवा न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मशीनवर ६६ टक्के आले आणि माझे ५८. सीनियर म्हणाले, "मशीन जो कहे वही लिख, टाइम मत खराब कर." माझी स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) जाड येते, सरांनी ती दोनदा सगळ्यांसमोर फेकून दिली. रक्त काढताना हात थरथरतो. पण मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मागच्या आठवड्यात तापाच्या एका पेशंटच्या जांभळ्या झाकणाच्या वायलमध्ये (रक्ताच्या छोट्या बाटलीत) गुठळी निघाली. सीनियरनी ती काडीनं काढून टाकली आणि उरलेलं रक्त मशीनला लावलं. प्लेटलेट ६२ हजार आल्या आणि रिपोर्ट गेला. मी शेजारीच उभी होते, काही बोलले नाही. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही. घरी आईचं म्हणणं, रक्त-लघवीच्या कामात काय ठेवलंय, अजून एकदा मेडिकल एन्ट्रन्स दे. काकू, हे काम मला जमेल का?

– म., इंदूर

उत्तर :

प्रिय म.,

गुठळीची गोष्ट तू शेवटाकडे लिहिलीस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांना अवधी आहे, याला नाही.

जांभळ्या वायलमधलं ईडीटीए हे रसायन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण शीर नीट सापडली नाही, रक्त थेंब थेंब आलं, सिरिंजमध्येच मिनिटभर राहिलं किंवा वायल भरल्यावर कुणी ती हलवलीच नाही, तर ईडीटीए पोचण्याआधी गोठणं सुरू झालेलं असतं. आणि गुठळी व्हायला लागली की सगळ्यात आधी प्लेटलेट तिच्यात अडकतात. डोळ्यांना दिसलेली गुठळी काडीवर घेऊन फेकली म्हणजे त्या प्लेटलेटही तिच्याबरोबर गेल्या. शिवाय न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या आत राहतातच. पांढऱ्या पेशी अडकलेल्या असू शकतात, हिमोग्लोबिनचाही भरवसा राहत नाही. मशीननं दाखवलेले ६२ हजार हे वायलमध्ये उरलेल्या द्रवाचे आहेत. पेशंटच्या अंगात ७० हजार असतील किंवा पावणेदोन लाखही असतील. त्या रिपोर्टवरून ते कुणालाच सांगता येणार नाही.

आता तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर गेल्यावर काय होतं बघ. पावसाळ्यानंतरचे दिवस, ताप आणि ६२ हजार. डेंगीचा संशय येणार, पेशंट दाखल होणार, सलाइन लागणार, घरचे लोक रात्री ब्लड बँकांना फोन करत फिरणार. हे सगळं एका गुठळीवर उभं राहू शकतं. उलटंही होतं. प्लेटलेट खरोखरच घसरत असतील तर उद्याच्या आकड्याची तुलना या खोट्या आकड्याशी होईल आणि घसरण लक्षात येणार नाही.

म्हणून आजच सांग. कुणाला सांगायचं, तर रिपोर्टवर ज्यांची सही असते त्या पॅथॉलॉजिस्टना. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही रिपोर्टवर हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्या आकड्याची जबाबदारी त्यांची आहे, तेव्हा तो कसा आला हे कळण्याचा हक्कही त्यांचा आहे. जाताना सॅम्पल नंबर आणि तारीख लिहून ने. सीनियरांचं नाव घेऊन तक्रार करू नकोस, सॅम्पलबद्दल बोल. "मॅडम, या नंबरच्या सीबीसीत क्लॉट होता. क्लॉट काढून सॅम्पल चालवलं होतं. प्लेटलेट पुन्हा बघाव्या लागतील असं मला वाटतं." एवढं पुरे. ताज्या सॅम्पलवर काउंट करायचा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा, रिपोर्ट दुरुस्त करायचा, हे पुढचं त्या बघतील. तापाच्या पेशंटचा सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत झालेला असतो, त्यामुळे चूक आपोआप उघडी पडलीही असेल. तरीही सांग. तसं सॅम्पल कुठून आलं, कुणी घेतलं, वायल का हलवली गेली नाही, याचा शोध घेतल्याशिवाय पुढच्या आठवड्यात तेच होणार. लॅबमध्ये थेट बोलायची भीती वाटत असेल तर पोस्टिंग बघणाऱ्या कॉलेजच्या सरांना बरोबर घे.

त्या क्षणी तू बोलली नाहीस. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सीनियरसमोर तोंड उघडणं अवघड जातं, हे मला कळतं. पण इथून पुढे तुझ्या हातात येणारी प्रत्येक ईडीटीए वायल मशीनला लावण्याआधी हलकेच कलती करून बघ आणि शंका आली तर दोन लाकडी काड्या आत फिरवून बघ. काडीला धागा लागला की ते सॅम्पल बाद. रिजेक्शन रजिस्टरमध्ये नोंद कर, नवीन सॅम्पल मागव. पेशंट कुरकुरेल, वॉर्डातली सिस्टर चिडेल, सीनियर म्हणतील की पोरगी फार शहाणी झाली. त्यांना म्हणू दे. सॅम्पल नाकारण्याचं धैर्य हा रक्ततपासणीच्या शिक्षणातला पहिला धडा आहे असं मी मानते, आणि अभ्यासक्रमात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं. लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत, सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

त्याच सॅम्पलची एक स्लाइड कुणी केली असती तर दोन मिनिटांत खरं काय ते कळलं असतं. ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब लावून बघायच्या मायक्रोस्कोपच्या लेन्सखाली) दहा फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारे स्लाइडचे दहा भाग, बघायची, दर फील्डमध्ये सरासरी किती प्लेटलेट दिसतात ते काढायचं आणि त्याला १५ हजारांनी गुणायचं. ६२ हजार खरे असतील तर फील्डला चारेक दिसतील. बारा-तेरा दिसल्या, किंवा स्मिअरच्या शेपटाकडे प्लेटलेटचे पुंजके आणि फायब्रिनचे (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचे) धागे दिसले, तर मशीनचा आकडा सोडून द्यायचा. काही लोकांच्या रक्तात गुठळी नसतानाही फक्त ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. माणूस ठणठणीत आणि रिपोर्टवर ४० हजार! अशा वेळी निळ्या झाकणाच्या सायट्रेट वायलमध्ये पुन्हा रक्त घेऊन काउंट करतात आणि सायट्रेटनं रक्त पातळ झालेलं असतं म्हणून उत्तराला १.१ नं गुणतात.

आता तुझे ५८ आणि मशीनचे ६६.

हे आकडे जुळत नाहीत असं तुला वाटतं. मला ते जुळलेले दिसतात. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं किती उचलली याला महत्त्व येतं. तू १०० पेशी मोजतेस. रक्तात न्यूट्रोफिल खरोखर ६० टक्के असतील तरी १०० पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगानं ते ५० ते ७० च्या मध्ये कुठेही येऊ शकतात. कितीही अनुभवी माणूस बसवला तरी हे टळत नाही. तूच २०० मोजल्यास तर ही रुंदी ५३ ते ६७ अशी कमी होते. मशीन हजारो पेशी मोजतं, म्हणून नेहमीच्या पेशींच्या टक्केवारीत ते तुझ्या-माझ्यापेक्षा सरसच राहणार. तिथे त्याच्याशी स्पर्धा नको.

पण एक तपासून बघ. तुझे न्यूट्रोफिल कधी कमी, कधी जास्त येतात, की दर वेळी कमीच येतात? कधी इकडे कधी तिकडे असेल तर तो योगायोग. नेहमीच कमी येत असतील तर तुझ्या पद्धतीत दोष आहे, आणि तो कुठे असेल याचा माझा अंदाज असा : तू स्लाइडच्या मधल्या भागातच फिरतेस. स्मिअर ओढताना न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट कडांकडे आणि शेपटाकडे ढकलले जातात, लिम्फोसाइट मध्ये राहतात. म्हणून तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या दिसतात त्या भागात जा आणि किल्ल्याच्या तटाला कंगोरे असतात तसं वर, आडवं, खाली, आडवं असं सरकत मोज, म्हणजे कडही येते आणि मधला भागही येतो. आणि मशीनचा कागद बघायच्या आधी स्वतःचा आकडा वहीत लिहून ठेव. आधी ६६ बघितले की डोळे ६६ शोधायला लागतात.

मशीन चुकतं ते वेगळ्या ठिकाणी, आणि का चुकतं हे कळायला ते कसं मोजतं हे माहीत हवं. वॉलेस कोल्टर या अमेरिकी संशोधकाला १९५३ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट मिळालं तीच आजही बऱ्याच ॲनालायझरच्या पोटात आहे. एका बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जातात, पेशी छिद्रात आली की विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, आणि तो जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. म्हणजे या मोजणीत मशीन पेशीचा आकार ओळखतं, चेहरा ओळखत नाही. प्लेटलेटचा पुंजका त्याला पांढरी पेशी वाटू शकतो. खूप मोठी प्लेटलेट तांबड्या पेशींत मोजली जाते. केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी पांढऱ्यांत मोजल्या गेल्या की टीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, फुगतो. मग आपण १०० पांढऱ्या पेशी मोजताना अशा किती दिसल्या ते लिहितो आणि टीएलसीला १०० नं गुणून, १०० अधिक त्या संख्येनं भागतो. नवी मशीन अशा ठिकाणी फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची खूण, देतात. सीनियर फ्लॅग बघून एंटर दाबत असतील तर त्या वेळी तू स्लाइड ओढ. ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी आणि मलेरियाचे परजीवी शेवटी माणसाच्याच डोळ्यांनी पक्के होतात.

आकडे एकमेकांशी ताडून बघायची सवय लाव, तिला पैसे पडत नाहीत. पेशी साधारण आकाराच्या असतील तर हिमोग्लोबिनची तिप्पट हिमॅटोक्रिटच्या (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्क्याच्या) आसपास येते, तीनेक अंकांच्या फरकानं. हिमोग्लोबिन १३.५ आणि हिमॅटोक्रिट ३० असा कागद निघाला तर तो कागद पुढे जाऊ द्यायचा नाही. प्लाझ्मा दुधासारखा आहे का बघ, चरबीमुळे हिमोग्लोबिन खोटं वाढतं. एमसीएचसी (तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३७-३८ दिसलं आणि तांबड्या पेशींचा काउंट विचित्र कमी असला तर थंडीनं पेशी चिकटल्या असतील. सॅम्पल ३७ अंशांवर थोडा वेळ गरम करून पुन्हा चालव.

हा तिपटीचा नियम जिथे मोडतो तिथे तर खरी गंमत आहे, आणि आपल्या इंदुरात तो रोज मोडताना दिसेल. समज हिमोग्लोबिन ११, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ६४ आणि तांबड्या पेशी मात्र ५८ लाख. लोहाची कमतरता असली तर पेशी लहान होतात, पण त्यांची संख्याही सहसा कमी होते. इथे ती वाढलेली आहे. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या आकड्यानं भागलं की ६४ भागिले ५.८ म्हणजे ११ येतात. हा भागाकार १३ च्या खाली आला तर थॅलसेमिया मायनरची, म्हणजे माणूस हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा वाहक असल्याची, शंका घ्यायची. सिंधी समाजात हा दोष जास्त आढळतो आणि आपल्या शहरात सिंधी वस्ती मोठी आहे. ही नुसती शंका असते, निदान नाही, पक्कं करायला एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजावा लागतो. पण तू ती शंका पॅथॉलॉजिस्टच्या कानावर घातलीस तर एखाद्या मुलीला उगाच वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाव्या लागणार नाहीत, आणि लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यायला हवी हे तिच्या घरच्यांना वेळेत कळेल.

तसंच सिकल सेलचं, म्हणजे तांबड्या पेशी वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून किती पेशंट इंदूरला येतात हे तू वॉर्डात बघतच असशील. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये असं त्याचं उद्दिष्ट आहे. कॉलेजात तुम्ही सोडियम मेटाबायसल्फाइटची सिकलिंग टेस्ट केली असेल : रक्ताचा थेंब, त्यावर ते द्रावण, कव्हरस्लिप, कडा सील, आणि मग कोयत्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या पेशींची वाट बघायची. ही टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांवर ठरतं. आणि त्या तपासणीआधी 'रक्त कधी चढवलं होतं?' हे विचारल्याशिवाय सॅम्पल घेऊ नकोस. मागच्या तीन महिन्यांत चढवलं असेल तर तू अर्धं दुसऱ्याच कुणाचं रक्त तपासत असशील. अलीराजपूरच्या खेड्यातून येणारी बाई हे आपणहून सांगणार नाही. तिला हिंदीही नीट समजत नसेल, तर बरोबरच्या माणसाला विचार, पण विचार.

स्मिअरकडे येऊ. जाड येते याचा अर्थ थेंब मोठा, नाहीतर कोन जास्त, नाहीतर तू घाईत ओढतेस. थेंब दोन-तीन मिलिमीटरचा पुरे, स्लाइडच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत. स्प्रेडर (रक्त ओढायची दुसरी स्लाइड) ३० ते ४५ अंशांत धर, मागे आणून थेंबाला टेकव, रक्त कडेनं पसरू दे आणि न दाबता एका दमात पुढे ने. मध्ये थांबलीस की पट्टे येतात. ज्याचं हिमोग्लोबिन खूप कमी आहे त्याचं रक्त पातळ असतं, तिथे कोन थोडा वाढवावा लागतो. घट्ट रक्ताला तो कमी करायचा. म्हणजे प्रत्येक थेंबाला हात वेगळा लागतो, आणि हे वाचून येत नाही, रोज ओढून येतं. सरांनी फेकलेल्या स्लाइड तू उचलून घ्यायला हव्या होत्यास. पुढच्या वेळी हातमोजे घालून ती बाजूला ठेव आणि विचार, "सर, नेमकं काय चुकलं?" सर्वांसमोर स्लाइड फेकणं मला पटलेलं नाही. त्यानं विद्यार्थ्याला आपलं चुकलं एवढंच कळतं, काय चुकलं ते कळत नाही.

स्टेनिंगबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी एक सांगते, कारण वाईट स्टेन असला की डीएलसीला काही अर्थ उरत नाही. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरनं १९०१ मध्ये मांडलेला स्टेन आजही आपल्याकडच्या लॅबमध्ये रोज वापरला जातो. त्यातलं मिथेनॉल आधी पेशी पक्क्या करतं, म्हणून पहिली दोन मिनिटं पाणी नाही. मग दुप्पट बफर, पीएच ६.८, आठ-दहा मिनिटं. बफरऐवजी नळाचं पाणी वापरू नकोस. ते नर्मदेचं असो की बोरिंगचं, त्याचा पीएच किती असेल सांगता येत नाही. अल्कली जास्त झालं की सगळी स्लाइड निळी दिसते आणि इओसिनोफिल ही पांढरी पेशी ओळखू येत नाही. पावसाळ्यात स्मिअर लगेच हवेत हलवून वाळव. दमट हवेत हळू वाळली की तांबड्या पेशींत चमकदार ठिपके येतात आणि नवीन विद्यार्थी त्यांना परजीवी समजतात.

रक्त काढताना हात थरथरतो. थरथरू दे, तो महिन्या-दोन महिन्यांत आपोआप थांबतो. पेशंट बसलेला असावा, हात टेकलेला असावा, आणि तूही वाकून, तोल सांभाळत उभी नको. शीर डोळ्यांनी शोधू नकोस, बोटानं शोध. कोपराच्या खळगीत दाबल्यावर जी परत उसळते ती घे. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नकोस. स्पिरिट वाळू दे. ओलं राहिलं की चुरचुरतं आणि पेशीही फुटतात. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा तू करायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. यात कमीपणा नाही. आणि सुईतून जोरानं दाबून वायल भरू नकोस. सुई काढ, झाकण उघड, रक्त काठावरून सोड. पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, आणि हृदयाच्या पेशंटमध्ये तो खोटा आकडा घात करू शकतो. एकापेक्षा जास्त वायल भरायच्या असतील तर आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळीतल्या ईडीटीएचा अंश पुढच्या वायलमध्ये गेला तर तिथलं कॅल्शियम कमी आणि पोटॅशियम जास्त येतं. जांभळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी कर. झटके नकोत. तुझ्या त्या पेशंटच्या वेळी बहुधा नेमकं एवढंच राहून गेलं असणार.

नाव विचारताना "आप सुनीता हैं?" असं कधीच विचारू नकोस. ताप चढलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "आपका पूरा नाम बताइए" म्हण, आणि लेबल तिथेच, पेशंटसमोर लाव.

ब्लड ग्रुपचं पोस्टिंग येईल तेव्हा सीरम ग्रुपिंग, म्हणजे पेशंटचं सीरम माहीत असलेल्या ग्रुपच्या पेशींवर टाकून करायची उलटी तपासणी, टाळणारे लोक तुला भेटतील. 'ओ आहे, दिसतंय की!' असं म्हणतील. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे ब्लड ग्रुप पुढच्या बाजूनं, म्हणजे पेशंटच्या पेशींच्या नेहमीच्या तपासणीत, हुबेहूब ओसारखा दिसतो. उलट्या तपासणीत मात्र त्याचं सीरम ओ पेशींनासुद्धा चिकटवतं. अशा माणसाला ओ रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो. हा ग्रुप दुर्मीळ असला तरी महाराष्ट्र आणि पश्चिम भारतात त्याचे लोक जास्त सापडतात, आणि आपली इंदूरची मराठी घराणी तिकडूनच आलेली. म्हणून दोन्ही बाजू कर, दर वेळी.

राहिला आईंचा प्रश्न. मेडिकलची एन्ट्रन्स तुला मनापासून द्यायची असेल तर दे, मी अडवणार नाही. पण 'रक्त-लघवीचं काम' हलकं म्हणून सोडणार असशील तर आईंना एकदा माझं हे उत्तर वाचून दाखव. त्यांना शुगर-थायरॉइडच्या रिपोर्टवरून गोळी ठरवून मिळत असेल, तर तो आकडा तुझ्यासारख्याच कुणीतरी काढलेला असतो. शिक्षणाची वाटही इथे संपत नाही. एमएस्सी एमएलटी आहे, ब्लड सेंटरचं काम आहे, हिस्टोपॅथॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, मॉलेक्युलर लॅब आहे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं लॅबच्या व्यावसायिकांना स्वतंत्र ओळख दिली आहे. तुझ्या कॉलेजच्या कोर्सला पॅरामेडिकल कौन्सिलची मान्यता आहे ना, एवढं मात्र कागद बघून खात्री करून घे. तोंडी आश्वासनावर राहू नकोस, नोंदणीच्या वेळी फार मनस्ताप होतो.

हे काम जमेल का, असं विचारलंस. गुठळीवाला रिपोर्ट गेल्यापासून तुझं लक्ष लागत नाही, हेच मला पुरेसं वाटतं. स्मिअर शिकवता येते, शीर शोधणं शिकवता येतं. ही टोचणी मला कुणाला शिकवता आलेली नाही. पोस्टिंगमध्ये रोज सकाळी मशीनवर कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावतात तेव्हा तिथे जाऊन उभी राहा. लीव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांच्या आलेखावर) आजचा ठिपका कुठे पडला ते बघ, आणि तो तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर असताना पेशंटचं सॅम्पल चालवलं जात असेल तर का, ते विचार. सीनियर शिकवतील किंवा चिडतील. दोन्हींतून तुला लॅबची पारख होईल, आणि नोकरी कुठे करायची नाही हेही कळेल.

आणि हिपॅटायटिस बीची लस घेतली आहेस की नाही हे तू लिहिलं नाहीस. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. झालेले नसतील तर याच आठवड्यात पहिला घे. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लशीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांची मोजणी) करून घे, तो १० किंवा त्याहून जास्त हवा. वापरलेल्या सुईवर टोपी परत बसवू नकोस, ती थेट पांढऱ्या डब्यात टाक. कधी टोचलीच तर बोट पिळत बसायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जमल्यास दोन तासांत, आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. तुझ्या हॉस्पिटलमध्ये ते रात्री कुणाकडे मिळतं, हे उद्याच विचारून ठेव.

– काकू